त्याच्याही आधी

1980 सालच्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या सिनेमात साम्राज्याचं सैन्य ढगांत तरंगणाऱ्या एका शहराचा ताबा घेतं आणि लोकांची पळापळ होते. त्या पळापळीत नारिंगी कपड्यांतला एक माणूस पांढरं भांडं काखेत मारून पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत जातो. त्याला संवाद नाही, नाव नाही, पुढच्या दृश्यात जागा नाही. ज्या भांड्याला तो जिवापाड जपतोय ते घरी आइस्क्रीम करायचं यंत्र आहे, हे जरा नीट बघणाऱ्या कुणालाही कळतं.

दुसऱ्या कुठल्याही सिनेमात विषय इथे मिटला असता. पण हा स्टार वॉर्सचा सिनेमा आहे आणि तिथे कुणीही उगाच धावत नाही. त्या माणसाला पुढे विलरो हूड असं नाव मिळालं. वायूच्या खाणीत नोकरी मिळाली. भांड्यात आइस्क्रीम नसून बंडखोरांची गुप्त माहिती होती, असा खुलासा झाला. 2019 साली 'द मँडलोरियन' या मालिकेत तसलंच भांडं पुन्हा दिसलं, तेव्हा त्याला 'कॅमटोनो' म्हणत होते आणि त्यात मौल्यवान धातू ठेवला होता. चाहत्यांच्या संमेलनांत आता नारिंगी कपडे घातलेले धडधाकट पुरुष आइस्क्रीमची यंत्रं काखेत मारून घोळक्याने धावतात. आपण का धावतोय, हे त्यांना तारीखवार सांगता येतं. मूळ नटाला ते सांगता आलं असतं की नाही, याची मला शंका आहे.

सिनेमात जे दिसतं त्याच्या आधी काय झालं होतं हे सांगणाऱ्या कादंबऱ्या, कॉमिक्स आणि कथासंग्रह हा एक रीतसर उद्योग आहे. सिनेमाचे हक्क कंपनीकडे असतात, कंपनी प्रकाशकाला परवानगी देते, प्रकाशक लेखक नेमतो आणि लेखकाने लिहिलेलं पान न् पान कंपनी तपासून घेते. अटी साध्या असतात. नायकाला मारायचं नाही, त्याचं लग्न टिकू द्यायचं नाही आणि त्याला शहाणपण येऊ द्यायचं नाही. सिनेमा सुरू होईल त्या क्षणी तो जिवंत, सडाफटिंग आणि मूर्खच असला पाहिजे. एवढं सांभाळून लेखकाने चारशे पानं उत्कंठा टिकवायची. तस्कर वैमानिक हान सोलोवर पानोपानी गोळ्या झाडल्या जातात आणि वाचक जांभई देत पान उलटतो, कारण या गृहस्थाला 1977 सालच्या पहिल्या सिनेमात मोस आयझलीच्या गुत्त्यात हजर व्हायचं आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मग लेखक भूतकाळातच का घुसतात? कारण भविष्यकाळात गेलेल्या पहिल्याच लेखकाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. अ‍ॅलन डीन फॉस्टर हा या धंद्यातला आद्य कारागीर. पहिल्या सिनेमाची कादंबरी सिनेमाच्याही आधी, 1976 च्या अखेरीस बाजारात आली. मुखपृष्ठावर जॉर्ज लुकासचं नाव होतं, आतलं लेखन फॉस्टरचं. 1978 साली त्याने पुढची कथा लिहिली, 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय'. पहिला सिनेमा बेताचाच चालला तर कमी पैशांत दुसरा काढता यावा, हा तिच्यामागचा हिशेब होता. म्हणून तीत ग्रहभर धुकं आहे. धुक्यात नेपथ्याचा खर्च वाचतो. हॅरिसन फोर्डशी पुढच्या सिनेमाचा करार झालेला नव्हता, म्हणून हान सोलो गैरहजर. उरले ल्यूक आणि लेया. तरुण मुलगा, देखणी राजकन्या आणि भरपूर धुकं मिळाल्यावर लेखक जे करतो ते फॉस्टरने केलं. दोघांमध्ये हळुवार ओढ निर्माण केली. 1983 साली 'रिटर्न ऑफ द जेडाय' आला आणि ती दोघं जुळी भावंडं निघाली. फॉस्टरचा यात काडीचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण धंद्याने धडा घेतला. भविष्य मालकांचं असतं, ते कधीही फिरू शकतं. भूतकाळ निदान होऊन गेलेला असतो.

भूतकाळाचीही हमी नाही, हे नंतर कळायचं होतं.

तिथला सगळ्यात प्रसिद्ध खड्डा हान सोलोनेच खणून ठेवला होता. पहिल्या सिनेमात तो गुत्त्यात बसून फुशारकी मारतो की त्याच्या यानाने केसेलची फेरी बारा पार्सेकांच्या आत पुरी केली. पार्सेक हे अंतराचं माप आहे. एक पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं, साधारण एकतीस लाख कोटी किलोमीटर. म्हणजे एखाद्या ट्रकवाल्याने 'माझी गाडी एवढी वेगवान की पुणे-मुंबई मी ऐंशी किलोमीटरांत मारतो' असं सांगावं, त्यातला हा प्रकार. मूळ पटकथेतच सूचना होती की हे ऐकून यान भाड्याने घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बेनच्या चेहऱ्यावर, हा गडी आपल्याला थापा मारतोय, असा भाव यावा. सिनेमातल्या अ‍ॅलेक गिनेसचा चेहरा बघा, तो भाव आहे. थापाड्या माणूस थाप मारतो, अनुभवी माणूस ती ओळखतो, पण नड असल्यामुळे सौदा करतो. दृश्य परिपूर्ण आहे.

पण थाप ही गोष्ट या उद्योगाला परवडत नाही. थापेवर कादंबरी कशी लिहिणार? मग 1994 च्या सुमारास केव्हिन जे. अँडरसनच्या कादंबऱ्यांत केसेलजवळ कृष्णविवरांचा एक झुबकाच उगवला. भित्रे वैमानिक त्याला लांबून वळसा घालतात, हान अगदी कडेने जातो, म्हणून अंतर कमी पडतं. गणित सुटलं, खगोलशास्त्राची अब्रू वाचली आणि हान सोलो खरं बोलणारा माणूस ठरला. त्याची एवढी बदनामी साम्राज्यानेही केली नव्हती. 2018 च्या 'सोलो' या सिनेमाने ती फेरी प्रत्यक्ष दाखवली. तिथे मात्र कुणाला तरी मूळ हान आठवला असावा: अंतर बारापेक्षा जरा जास्तच भरतं आणि तो आकडा खाली ओढून बारा सांगतो. एक थाप खरी करायला चोवीस वर्षं खर्ची पडली, आणि शेवटी तिच्यात थोडी थाप परत घालावी लागली.

त्याच सिनेमात हानला पिस्तूल कुठे मिळालं, यान कसं मिळालं, जोडीदार चुबाका कुठे भेटला, या सगळ्याचा उलगडा होतो. माणसाचं आख्खं व्यक्तिमत्त्व जवळजवळ एका मोहिमेत खरेदी करून झालेलं दिसतं. उरलं आडनाव. ए. सी. क्रिस्पिन यांनी 1997-98 मध्ये तीन कादंबऱ्या लिहून हानला अनाथ बालपण दिलं होतं, मोडकंतोडकं प्रेमप्रकरण दिलं होतं, आडनावामागे थोरामोठ्यांच्या घराण्याचा वासही ठेवला होता. 2018 च्या सिनेमाने ते घराणं मोडीत काढलं. तिथे सैन्यभरतीच्या टेबलावर बसलेला अधिकारी विचारतो, तुझी माणसं कोण? हान म्हणतो, कुणी नाही. अधिकारी अर्जात 'सोलो' लिहितो आणि पुढच्याला बोलावतो. आडनावाचा रकाना रिकामा सोडलेला अर्ज कुठल्याच आकाशगंगेत स्वीकारत नाहीत, एवढं एक सत्य त्यातून हाती लागतं.

आता डेथ स्टारचे नकाशे. चंद्राएवढं मोठं ते युद्धयान एका दोन मीटर रुंदीच्या धुराड्याच्या तोंडातून उडवता येतं. 1977 च्या सिनेमात सुरुवातीच्या वर सरकणाऱ्या मजकुरात एवढंच म्हटलंय की बंडखोरांच्या हेरांनी नकाशे चोरले. वाक्य संपलं, गोष्ट सुरू झाली. पण ते वाक्य म्हणजे मोकळा भूखंडच, त्यावर ज्याने त्याने बांधकाम केलं. 1995 च्या 'डार्क फोर्सेस' या व्हिडिओ गेममध्ये काइल कटार्न नावाचा भाडोत्री लढवय्या नकाशे चोरतो. 1998 मध्ये क्रिस्पिनबाईंच्या 'रेबेल डॉन' कादंबरीत हानची जुनी प्रेयसी ब्राया त्यांच्यासाठी जीव देते. मग एकच वस्तू इतक्या जणांनी इतक्या ठिकाणांहून कशी चोरली, असा प्रश्न आला. तर नकाशे तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी होते, असं उत्तर तयार झालं. एवढे लोक नेऊनही नकाशे शिल्लक राहतात, म्हणजे साम्राज्याचं दप्तर कसं चालत असेल याची कल्पना करावी. अखेर 2016 च्या 'रोग वन' सिनेमात जिन अर्सो आणि मंडळींनी ते चोरले आणि आधीच्या सगळ्या चोऱ्या बाद ठरल्या.

बरं, ते भोक मुळात राहिलं कसं? पहिल्या सिनेमाचं उत्तर मला आजही पटतं: एवढंसं एकट्या माणसाचं विमान आपलं काही बिघडवेल, असं साम्राज्याला वाटलंच नाही. प्रचंड खर्चाच्या सरकारी बांधकामात भोक का राहिलं, याला यापेक्षा खोल कारण शोधायची गरज महाराष्ट्रातल्या वाचकाला तरी पडू नये. पण 'रोग वन'ने सांगितलं की गेलन अर्सो या शास्त्रज्ञाने ते मुद्दाम ठेवलं. मग गेलन तिथे कामाला का लागला? त्याचं उत्तर जेम्स लुसेनोच्या 'कॅटलिस्ट' या कादंबरीत आहे. ती सिनेमाच्या महिनाभर आधी आली. म्हणजे 1977 च्या सिनेमाच्या आधीचं सांगणारा 2016 चा सिनेमा, आणि त्याच्याही आधीचं सांगणारी ही कादंबरी. यात प्रकल्पप्रमुख ऑर्सन क्रेनिक आपल्या जुन्या मित्राला, गेलनला, ऊर्जेच्या संशोधनाचं लोकोपयोगी काम आहे असं भासवून गोवत जातो आणि उरलेला वेळ वरिष्ठ अधिकारी टार्किनशी कुरघोड्या करण्यात घालवतो. निधी, ठेकेदार, विलंब, श्रेय कुणाचं आणि ठपका कुणावर! ग्रह उद्ध्वस्त करणारं शस्त्र इतकी वर्षं का रखडलं, हे वाचताना अंगावर काटा येत नाही, ओळख पटते. खरं सांगायचं तर ही कादंबरी मला आवडली. तीत अंतराळ नावालाच आहे, बाकी सगळं ऑफिस आहे.

लुसेनोची हातोटीच तशी. 1999 च्या 'द फँटम मेनेस'चा आरंभीचा मजकूर व्यापारी मार्गांवरच्या करआकारणीच्या वादाने सुरू होतो. तलवारी बघायला आलेली पोरं तेव्हा आईबापांकडे बघायला लागली होती. लुसेनोने 2001 मध्ये 'क्लोक ऑफ डिसेप्शन' लिहून तो कर कसा आला, कुणाला हवा होता आणि त्यामागे कुणाचा डाव होता, याची पूर्ण कादंबरी केली. जगात कराच्या पूर्वपीठिकेवरची कादंबरी स्वतःच्या पैशाने विकत घेणारे वाचक असतात, हे कुठल्याही अर्थमंत्र्याला हुरूप देईल.

या वातावरणात कुणाला साधा खोकला होण्याचीही सोय नाही. 2005 च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये जनरल ग्रीव्हस खोकत खोकत पळतो. बरं नसेल त्याला, असं म्हणून सोडता आलं असतं. पण त्याच्या थोडं आधी 'क्लोन वॉर्स' या कार्टून मालिकेत मेस विंडू या जेडाय योद्ध्याने दुरूनच त्याची छाती चुरगाळल्याचं दाखवून झालं होतं. पहिल्या सिनेमात ल्यूकचे काका आधी एक लाल रोबो विकत घेतात; तो चार पावलं जाऊन धूर सोडतो आणि म्हणून दुसरा रोबो, आर-टू-डी-टू, त्यांच्या घरी येतो. जुना माल विकणाऱ्याने खराब वस्तू गळ्यात मारली, बस्स. पण एका कॉमिकने तो रोबो दैवी शक्तीचा निघाला आणि भविष्य दिसल्यामुळे त्याने आत्मबलिदान केलं, असं सांगून टाकलं. ती कथा थट्टेने लिहिली होती. पुढे 2017 मध्ये त्याच्या बिघाडामागचा त्याग सांगणारी दुसरी कथा आली, ती गंभीरपणे. आकाशगंगेत नादुरुस्ती उरलीच नाही, सगळी हौतात्म्यंच.

इतकं लिहिलं गेल्यावर हिशेब ठेवायला माणूस लागतो. 2000 सालापासून लुकासफिल्ममध्ये लेलंड ची हे गृहस्थ 'होलोक्रॉन' नावाची नोंदवही सांभाळू लागले. कोण कुठे जन्मलं, कुठल्या हाताने तलवार धरतं, सगळं त्यात. सत्याच्या पायऱ्याही ठरल्या. सर्वांत वर 'जी' दर्जाचं सत्य, यातला 'जी' जॉर्जचा. त्याखाली टीव्हीचं सत्य, त्याखाली कादंबऱ्यांचं, त्याखाली किरकोळ सत्य. 2012 मध्ये डिस्नेने चारशे कोटी डॉलरांच्या वर रक्कम मोजून कंपनी घेतली आणि 25 एप्रिल 2014 रोजी जाहीर केलं की आजवरच्या कादंबऱ्या यापुढे 'लेजंड्स', म्हणजे दंतकथा. दुकानात मिळतील, पण घडलेल्या नाहीत. कित्येक वर्षं पाठांतर केलेल्या वाचकांवर काय गुजरली असेल! कधीही न घडलेल्या गोष्टी आता अधिकृतपणेही घडल्या नाहीत, याचा शोक करणं सोपं नाही.

हे वाचताना मला व्यासांचा मोठेपणा नव्याने पटला. द्रौपदीला पाच नवरे, हे आदिपर्वातलं मोठंच भोक. लग्नाच्या वेळी वधूपिता द्रुपद अडून बसतो, हे धर्मात बसत नाही म्हणतो. तेव्हा व्यास त्याचा हात धरून त्याला आतल्या दालनात नेतात आणि मागच्या जन्माचं सांगतात. पांडव म्हणजे शंकराने शिक्षा दिलेले पाच इंद्र आणि द्रौपदी म्हणजे साक्षात श्री, ही एक कथा. मागच्या जन्मी ऋषिकन्या असताना तिने 'नवरा दे' असं शंकराकडे पाच वेळा मागितलं, ही दुसरी. दोन्ही एकदमच सांगतात. यातली अधिकृत कुठली, असं द्रुपद विचारत नाही. लग्न लावून देतो. भीष्म मागच्या जन्मी वसू, शिखंडी म्हणजे अंबा, विदुर म्हणजे मांडव्याच्या शापाने जन्मलेला यम. आपल्याकडे प्रीक्वेलचा तुटवडा कधीच नव्हता. फक्त दोन कथा आपसांत जुळल्या नाहीत म्हणून एकीला कुणी रद्दीत घातलं नाही, की नोंदवही घेऊन कुणी बसलं नाही. ऐकणाऱ्याने दोन्ही ऐकल्या आणि तिसरी विचारली.

'त्याच्या आधी काय झालं?' हा प्रश्न वाईट नाहीच. तो विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं की गोष्ट, यावर सगळं अवलंबून आहे. हान सोलोवरच्या पहिल्या तीन कादंबऱ्या ब्रायन डेलीने 1979-80 मध्ये लिहिल्या. त्यांत हानकडे यान आहे, चुबाका आहे, अंगावर देणी आहेत आणि हे सगळं कुठून आलं याबद्दल डेली चकार शब्द काढत नाही. हान नवं लचांड अंगावर ओढून घेतो, निस्तरतो, पुन्हा ओढून घेतो. त्या आजही आवडीने वाचता येतात.

आणि 1995 चा एक कथासंग्रह आहे, 'टेल्स फ्रॉम द मोस आयझली कँटिना'. सोळा कथा, बहुतेक त्या गुत्त्यात क्षणभर दिसलेल्या गिऱ्हाइकांच्या आणि नोकरांच्या. वादकांचं कुरकुरणं आहे. रोबोंना आत न घेणारा गुत्तेवाला आहे. हानने ग्रीडो या भाडोत्री शिकाऱ्याला मारल्यावर त्या प्रेताचा दारू गाळण्यासाठी उपयोग होईल का, याचा विचार करणारा. वाळवंटात हवेतलं पाणी गोळा करणारा एक शेतकरी आहे, एम. शेन बेल यांच्या कथेतला. शेजारच्या जावा आणि टस्कन या वाळवंटी जमातींशी बसून जमिनीचा नकाशा आखावा, कुणाची हद्द कुठवर ते एकदा ठरवावं, म्हणजे रोजची भांडणं मिटतील, एवढीच त्याची धडपड. बांधाच्या भांडणाचं मोल जाणणाऱ्या कुठल्याही मराठी शेतकऱ्याला ती कथा न समजावता कळेल. 2017 मध्ये पहिल्या सिनेमाला चाळीस वर्षं झाली म्हणून असाच चाळीस कथांचा संग्रह निघाला. त्यात कचऱ्याच्या टाकीत ल्यूकचा पाय ओढणाऱ्या प्राण्यालाही स्वतःची बाजू मांडायला मिळाली, ती नेडी ओकोराफॉर यांच्या लेखणीतून. त्या संग्रहातल्या सर्व लेखकांनी मानधन सोडलं होतं.

तेव्हा या दुकानात शिरणाऱ्या वाचकाला एवढंच सांगणं. पोस्टरवर ज्याचा चेहरा मोठा, त्याच्या बालपणाची कादंबरी दिसली तर खुशाल पुढे चला. त्याचं जे काही आहे ते सिनेमातच आहे, आणि जे नाही ते नसल्यामुळेच तो आपल्याला आवडला. पोस्टरवर ज्याला जागा मिळाली नाही, त्याची गोष्ट मात्र जरूर विकत घ्या. त्याचं पुढे काय होणार हे लेखकाला ठाऊक नसतं, कंपनीलाही नसतं, आणि कादंबरी वाचायला एवढं कारण पुरतं.